बदकांची तिजोरी

बदक गेल्याचं सगळ्यात आधी शेजारच्या काकूंना कळलं, कारण पिसं त्यांच्या अंगणात उडाली होती. त्यांनी परसाच्या भिंतीवरून हाक मारली तेव्हा तिजोरीवाला दाढी करत होता आणि त्याची बायको लॅबला निघायच्या घाईत डबा भरत होती.

"अगं ए, तुमच्याकडे बदकं किती?"

"सहा, काकू. का?"

"पाच असतील आता. बघ जरा."

पाचच होती. पाचही जणी परसाच्या कोपऱ्यात एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि भिंतीकडे बघत होत्या. भिंतीवर मुंगूस बसलं होतं. जेवण अंगावर आलेल्या माणसासारखं ते निवांत होतं आणि तिजोरीवाला साबण लावलेल्या तोंडाने बाहेर आला तरी हललं नाही. त्याने चप्पल उगारली तेव्हा ते उठलं आणि भिंतीवरून चालत गेलं. पळालं नाही, चालत गेलं, हे तिजोरीवाल्याच्या मनाला विशेष लागलं.

'तिजोरीवाला' हे त्याचं आडनाव नव्हे. बँकांच्या तिजोऱ्या आणि लॉकर दुरुस्त करणं हा त्याचा धंदा होता. कुठल्याही बँकेत दार अडकलं, किल्ली हरवली, मॅनेजर आकडे विसरला, की फोन त्याला यायचा. त्याने लावलेलं कुलूप कोणाला उघडता येत नाही आणि त्याला न उघडणारं कुलूप अजून बनायचं आहे, असं तो स्वतः कधी म्हणत नसे. लोक म्हणत, आणि तो त्यांना थांबवत नसे.

सासऱ्यांना नेमकी याच गोष्टीची धास्ती होती. ते वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. सगळा जन्म दुकानांतले काटे, वजनं आणि लिटरची मापं तपासण्यात गेलेला, त्यामुळे बरोबर अशी वस्तू जगात क्वचितच सापडते असं त्यांचं पक्कं मत झालं होतं. लेकीने लग्न ठरवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "चोराला जी विद्या येते तीच याला येते. हा दिवसा जातो, एवढाच फरक."

सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. लेक फोनवर "बाबा, आता इकडेच या" म्हणायची आणि ते "बघू" म्हणायचे. अखेर महिन्यापूर्वी त्यांनी अट घातली. "आधी बदकं पाठवतो. ती नीट राहिली तर मीही येईन. नाही राहिली तर हा विषय परत काढायचा नाही."

त्याप्रमाणे बदकं एका टेम्पोतून, लाकडी खुराड्यासकट आली. लेकीने परसात कपडे भिजवायचा मोठा टब पाण्याने भरून ठेवला आणि परसाकडे उघडणाऱ्या खोलीला नवे पडदे लावले. पडदे बदकांसाठी नव्हते. म्हणून सहाची पाच झाली, तेव्हा घरातून नुसतं एक बदक गेलं नव्हतं.

"बाबांना लगेच सांगायला नको," तिजोरीवाला तोंड पुसत म्हणाला. "आपण तसंच दुसरं आणू."

"अहो, पाव किलोत चार ग्रॅम कमी भरले तर त्यांना हातात धरून कळायचं. त्यांना बदक बदललेलं कळणार नाही?"

तिने फोन लावला. घडलं ते सांगितलं.

"कोण गेलं?" बाबांनी विचारलं.

"कळत नाही हो बाबा. सगळी सारखीच दिसतात."

"सारखी दिसतात म्हणजे काय? बघायची रीत असते. पांढऱ्या मानेची आहे?"

"आहे."

"चोचीवर काळा डाग असलेली?"

"आहे."

"चालताना उजवीकडे कलते ती?"

"आहे, बाबा. आत्ता कलली. आणि त्या दोघी करड्याही आहेत."

"मग तपकिरी मोठी गेली," बाबा म्हणाले. "समजूतदार होती." मग ठरवून टाकल्यासारखं, "येत्या शनिवारी तपासणीला येतो."

भेटायला येतो असं ते म्हणाले नाहीत. फोन ठेवून बायको तिथेच खुर्चीवर बसली. लॅबला उशीर झाला होता, पण ती उठली नाही. तिजोरीवाल्याने तिच्याकडे बघितलं आणि तो खुराडं बघायला गेला.

खुराड्याला लाकडी कडी होती. त्याने ती करंगळीने उचलली, पुन्हा खाली टाकली, पुन्हा उचलली. त्याच्या चेहऱ्यावर जे भाव आले ते बँकेतल्या माणसांनी ओळखले असते. दुसऱ्याने केलेलं काम बघताना त्याचा चेहरा तसा व्हायचा.

"हे मी बघतो," तो म्हणाला. "तू बाबांची खोली तयार ठेव."

त्याच्या वर्कशॉपमध्ये बंद पडलेल्या एका बँकेची मोठी तिजोरी धूळ खात पडली होती. उंची माणसाएवढी, रुंदी दोन कपाटांएवढी, पोलाद तळहाताएवढं जाड. वजनामुळे ती कोणी विकत घेत नव्हतं आणि जागेमुळे ती ठेवणं परवडत नव्हतं. आठवड्यातली पहिली दोन कामं रद्द करून त्याने तिच्या भिंतींना वरच्या अंगाला बोटभर भोकं पाडली, हवेसाठी. आतले कप्पे काढले, तळाला पेंढा अंथरला. दार नुसतं ढकललं तरी बोल्ट आपोआप बसावेत म्हणून स्प्रिंग बसवली, कारण कडी लावायला विसरणारी माणसं त्याने आयुष्यात फार बघितली होती.

तिजोरी परसात न्यायला क्रेन आली. क्रेनचा हात भिंतीवरून पोचेना, म्हणून भिंतीचा एक तुकडा पाडावा लागला. काकू आपल्या बाजूला उभ्या राहून हे सगळं बघत होत्या.

"मुंगूस आत येऊ नये म्हणून भिंत पाडली का रे?"

"तात्पुरती आहे, काकू. बांधून देतो."

"मला काय त्रास नाही हो. उलट फाटकाला वळसा वाचला."

तो वळसा काकूंप्रमाणे त्यांच्या बोक्याचाही वाचला. आतापर्यंत बोक्याला बदकांची माहिती नव्हती. आता तो रोज दुपारी त्या भगदाडात येऊन बसू लागला आणि त्याच्या मागोमाग रस्त्यावरची दोन कुत्रीही चौकशीला येऊन गेली. एका मुंगसाच्या बंदोबस्तासाठी सुरू झालेलं काम तीन दिवसांत मुंगूस, बोका आणि कुत्री एवढ्यांचं झालं. तिजोरीवाल्याला याचं वाईट वाटलं नाही. धोका जितका मोठा तितकं आपलं कुलूप शोभून दिसतं, असा त्याचा अनुभव होता.

बदकांना मात्र तिजोरी पसंत पडली नाही. संध्याकाळी त्यांना आत घालायचं म्हणजे नवरा, बायको आणि काकू अशा तिघांचं काम होऊन बसलं. तिघं तीन बाजूंनी हात पसरून पुढे सरकायचे आणि बदकं चौथ्या बाजूने निघून जायची. शेवटी पाण्याचा टबच तिजोरीत ठेवल्यावर त्या आत गेल्या, तेही टबावर उपकार केल्यासारख्या.

बुधवारची रात्र सुखरूप गेली. गुरुवारी पहाटे आतून कलकलाट ऐकू आला म्हणून बायकोने जाऊन दार उघडलं. अंधारात तिच्या पायाशीच मुंगूस बसलं होतं. बँकेचं शटर उघडायची वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखं. तिने किंचाळून दार लोटलं, बोल्ट बसले, कोणाला काही झालं नाही. पण तिजोरीवाल्याने नाश्ता करता करता यावर फार विचार केला.

"दार पक्कं आहे," तो म्हणाला. "कच्चा आहे तो माणूस. दार उघडता येतं, म्हणून माणूस उघडतो. उघडता यायलाच नको."

"म्हणजे?"

"टाइम लॉक लावतो."

टाइम लॉक म्हणजे दाराच्या आतल्या अंगाला काचेच्या पेटीत बसवलेलं घड्याळ. त्याला जितक्या तासांची किल्ली द्यावी तितके तास संपेपर्यंत दार कोणासाठीही उघडत नाही, बरोबर किल्ली असली तरी आणि मॅनेजर स्वतः आला तरी. त्या तिजोरीचं जुनं घड्याळ गंजून बंद पडलं होतं. शुक्रवारी दिवसभर बसून त्याने ते चालू केलं. ते टिकटिकायला लागलं तेव्हा त्याने बायकोला ऐकायला बोलावलं आणि तिनेही, आपले वडील उद्या येणार आहेत हे लक्षात ठेवून, कौतुकाने ऐकलं.

शनिवार हा तिजोरीवाल्याचा धावपळीचा दिवस. दुपारी बँका बंद व्हायच्या वेळी तो एकीकडून दुसरीकडे जाऊन टाइम लॉकना किल्ली द्यायचा, काचेच्या पेटीला शिशाचं सील लावायचा आणि पुढे निघायचा. हे काम त्याच्या हातांना इतकं पाठ होतं, की डोकं तेव्हा दुसरीकडे असायचं. त्या दिवशी ते सासऱ्यांकडे होतं. घरी आल्या आल्या, पिशवी खांद्यावरच असताना, त्याने परसात जाऊन तिजोरीच्या घड्याळाला किल्ली दिली, पेटीला सील लावलं आणि दार उघडंच ठेवून तो हात धुवायला गेला. सगळं तयार होतं. संध्याकाळी बदकं आत घालायची आणि दार ढकलायचं, बस.

सासरे ऊन उतरायच्या सुमाराला आले. हातात काठी, काखेत चपटी पिशवी. लेकीने पाया पडायला वाकून पिशवी घेतली, तर ती कपड्यांच्या मानाने फारच हलकी लागली.

"मुक्कामाचं काही आणलं नाहीत, बाबा?"

"आधी तपासणी," ते म्हणाले. "बदकं कुठायत?"

बदकांनी त्यांना लांबूनच ओळखलं आणि त्या काठीभोवती गोळा झाल्या. त्यांनी वाकून एकेकीच्या पाठीवरून हात फिरवला, पाच मोजल्या, आणि सहाव्या ठिकाणी हात क्षणभर तसाच धरला. मग ते तिजोरीकडे वळले.

"हे काय आहे?"

"यांनी केलंय, बाबा," लेक घाईघाईने म्हणाली. "बदकांसाठी. बघा ना, केवढं भक्कम आहे. तुम्ही बघा, मी चहा टाकते. अहो, तुम्ही जरा खुर्ची आणा बाबांसाठी."

नवरा-बायको घरात गेले. परसात सासरे, पाच बदकं आणि उघडी तिजोरी राहिली.

आता वजनमापे खात्याची तपासणीची एक जुनी रीत अशी, की भांड्याला चीर आहे का हे बाहेरून कळत नाही. भांडं उजेडाकडे धरायचं आणि आतल्या अंधारात बघायचं. चीर असली तर उजेड आत येतो. तिजोरी उजेडाकडे धरण्यासारखी नव्हती. म्हणून सासरे आत शिरले, आणि हवेची भोकं सोडून आणखी कुठून उजेड येतो का हे बघण्यासाठी त्यांनी दार ओढून घेतलं.

बोल्ट बसल्याचा आवाज तिजोरीवाल्याने स्वयंपाकघरात ऐकला. चांगल्या बोल्टचा आवाज त्याला नेहमी आवडायचा. तो हसला, आणि मग हसायचा थांबला.

"अगं," तो म्हणाला. "बाबा कुठायत?"

ते दोघं धावत परसात आले तेव्हा तिजोरीतून शांत आवाज येत होता.

"उजेड कुठून येत नाही. फटी नाहीत. दार उघडा आता."

तिजोरीवाल्याने हँडल धरलं. हँडल हललं नाही. ते हलणार नाही याची व्यवस्था त्यानेच केली होती.

"बाबा, थोडं थांबावं लागेल," तो म्हणाला. "टाइम लॉक आहे."

"किती थांबावं लागेल?" बायकोने हळूच विचारलं. "सकाळपर्यंत? रात्रभर बाबा त्यात बसणार?"

तिजोरीवाल्याने आठवून बघितलं. त्याचा उजवा हात हवेत किल्ली फिरवल्यासारखा फिरू लागला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. मनगटाला आठवत होतं ते तो मोजत होता. मोजता मोजता त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"आज शनिवार आहे ना," तो म्हणाला.

"मग?"

"शनिवारी आम्ही सोमवारपर्यंतची किल्ली देतो. बँका रविवारी बंद असतात."

बायकोने डोक्याला हात लावला. भगदाडातून काकू आल्या, मागून बोका आला.

"काय झालं गं?"

"बाबा तिजोरीत अडकले, काकू. सोमवारपर्यंत."

"अगं बाई! आणि चहा?"

प्रश्न रास्त होता. बायकोने लॅबच्या पिशवीतून रबराची नळी आणली, ती वरच्या भोकातून आत सोडली आणि स्टुलावर चढून चहा ओतला. आत दोन भुरके झाले.

"साखर कमी आहे," आतून आवाज आला. तिच्या जिवात जीव आला.

तिजोरीवाल्याने तोपर्यंत हत्यारांची पिशवी रिकामी केली होती. ज्या जागी ड्रिल मारून आजवर त्याने दुसऱ्यांची दारं उघडली होती, त्या जागी या दारावर त्याने दोन दिवसांपूर्वीच जादा पोलादाची पट्टी बसवली होती. ज्या बिजागऱ्या कापता येतात त्या त्याने आतून घेतल्या होत्या. तो दाराभोवती फिरत होता आणि जिथे हात घालावा तिथे आपण आधीच येऊन गेलोय असं त्याला दिसत होतं.

काकूंनी अग्निशमन दलाला फोन केला. बंब आला, रस्त्यावरची माणसं आली, आणि अधिकारी भगदाडातून परसात आले.

"आत कोण आहे?"

"सासरे."

अधिकाऱ्यांनी तिजोरीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "कोणी बंद केलं?"

"त्यांनी स्वतःच! मी कशाला करू?"

"विचारावं लागतं," अधिकारी म्हणाले. त्यांनी दार ठोकून बघितलं, पहार लावली, पहार वाकली. ती हातात धरून ते म्हणाले, "कटर लावता येईल, पण ठिणग्या उडतात. आत पेंढा आहे म्हणता. कोणी बनवलंय हे?"

"मी."

"चांगलं बनवलंय," अधिकारी मनापासून म्हणाले. इतक्या वर्षांत कौतुक ऐकून तिजोरीवाल्याला पहिल्यांदाच बसावंसं वाटलं.

ऊन भिंतीवरून वर सरकलं होतं. बायको इतका वेळ दाराला हात लावून उभी होती. ती वळली.

"ते घड्याळ कुठे बसवलंय तुम्ही?"

"दाराच्या आतल्या बाजूला."

"आणि बाबा कुठे आहेत?"

बसल्या जागेवरूनच तिजोरीवाल्याने वर बघितलं. "अगं, आतल्या बाजूला कधी माणूस नसतो," तो हळूच म्हणाला. "पैसे असतात. पैशांना काय सांगणार?" मग तो एकदम उठला आणि भोकाला तोंड लावून बोलू लागला.

"बाबा! दाराच्या मधोमध काचेची पेटी आहे. हाताला लागतेय का?"

"कधीचीच लागलीये. टिकटिकतेय. मिनिटाला जरा पुढे पळते."

"तिचं झाकण काढा. आत एक खटका आहे, तो खाली दाबला की दार सुटेल."

"झाकणाला सील आहे."

"हो. ते तोडा."

आत काठी आपटल्याचा आवाज आला.

"काय करू म्हणालात?"

"तोडा, बाबा. शिशाचं आहे, पिळलं की तुटतं."

"जावईबापू," आतला आवाज थंड होता, "सील तोडणाऱ्या माणसांवर मी खटले भरलेत. आणि ते तुम्ही मला तोडायला सांगता?"

"अहो, सील मीच लावलंय!"

"मग तुम्हीच तोडा. ज्याने लावलं त्याने तोडायचं, साक्षीदारांसमोर. ती रीत आहे."

"मी बाहेर आहे!"

"मग आत या."

अधिकाऱ्यांनी तिजोरीवाल्याला बाजूला केलं. "आजोबा, मी अग्निशमन दलाचा अधिकारी बोलतोय. मी परवानगी देतो. तोडा तुम्ही."

"तुमचं खातं वेगळं," सासरे म्हणाले.

अधिकारी मागे सरकले. काकूंनी आत डोकावून बघायचा प्रयत्न केला, पण भोकातून त्यांना फक्त पांढऱ्या केसांचा एक झुबका दिसला. रस्त्यावरच्या गर्दीतून कोणीतरी म्हणालं, की सोमवार काही लांब नाही. तिजोरीवाला पिशवीवर बसला. बायको त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. ती रागावलेली नव्हती, आणि तेच त्याला सहन होईना.

"आता ते नाही यायचे राहायला," ती म्हणाली. "जाऊ दे. तुम्ही मनापासून केलंत."

तेवढ्यात बदकांनी कलकलाट केला. माणसांच्या गर्दीला घाबरून त्या कोपऱ्यात गेल्या होत्या आणि पडलेल्या भिंतीच्या विटांवर मुंगूस उभं होतं. एवढ्या माणसांपैकी कोणीच आपल्याकडे बघत नाही हे त्याने हेरलं होतं.

"बाबा!" बायको ओरडली. "मुंगूस आलंय! बदकांपाशी आलंय!"

"मग बघत काय बसलीस? बदकं आत घे!"

"आत कुठे घेऊ? आत तुम्ही आहात!"

एवढं सरळ उत्तर निरीक्षकसाहेबांना नोकरीत कोणी दिलं नसावं. मग शिसं पिळल्याचा बारीक आवाज आला, काच खळकन निघाली, आणि "खटका कुठे म्हणालात?" असा प्रश्न आला.

"घड्याळाच्या खाली, डावीकडे! जोरात दाबा!"

सगळे बोल्ट एकदम सुटले. तो आवाज एवढा मोठा होता, की मुंगसाने मान वर केली आणि ते पळालं. या वेळी चालत गेलं नाही.

सासरे बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत पेंढा होता आणि मुठीत तुटलेलं सील. समोर बंब, अधिकारी, काकू, गर्दी. ते कोणाकडेही न बघता सरळ कोपऱ्यात गेले, वाकले, आणि एकेक पाठ चाचपून त्यांनी पाचापर्यंत मोजलं. मग ते जावयासमोर येऊन उभे राहिले. तिजोरीवाला मान खाली घालून उभा होता.

"नापास," सासरे म्हणाले.

"हो, बाबा."

"आतल्याला उघडता येतं ते कुलूप कसलं? दुरुस्त करा. पुढच्या शनिवारी पुन्हा तपासतो."

"म्हणजे परत याल?" लेकीने विचारलं.

"एका आठवड्यासाठी जा-ये कोण करणार? राहतो तोवर. पास झालं की जाईन." मग थोडं थांबून ते म्हणाले, "कपडे आणले नाहीत. यांचे होतील."

तिजोरीवाल्याचा पायजमा त्यांना आखूड झाला. त्यांनी तसं सांगितलं आणि घातला.

त्या आठवड्यात तिजोरीवाल्याने झपाटल्यासारखं काम केलं. टाइम लॉक काढून टाकला, स्प्रिंग काढली, साधं किल्लीचं कुलूप बसवलं, भिंत बांधून घेतली. शुक्रवारी संध्याकाळी तो खूश होऊन हात धूत होता तेव्हा बायको टॉवेल घेऊन आली.

"झालं सगळं नीट?"

"एकदम. बोट ठेवायला जागा नाही. उद्या पास म्हणजे पास."

तिने टॉवेल दिला, पण सोडला नाही. "आणि पास झालं तर?" ती म्हणाली.

तिजोरीवाल्याने आयुष्यात काम अर्धवट ठेवलं नव्हतं. त्याला झोप लागेना. सकाळी सगळे उठायच्या आत तो परसात गेला आणि खालच्या बिजागरीचा एक स्क्रू त्याने अर्धा फेरा सैल केला. एवढ्याने त्याला घाम फुटला.

"नापास," सासरे दुपारी म्हणाले. "हलगर्जीपणा. पुढच्या शनिवारी बघू."

असे पुष्कळ शनिवार गेले. कधी स्क्रू, कधी हँडल, कधी दाराची एक बाजू केसभर खाली. मधल्या काळात सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. चपट्या पिशवीच्या जागी त्यांची ट्रंक आली. ते सकाळपासून काठी घेऊन परसात खुर्चीवर बसत, त्यामुळे मुंगसाने दुसरीकडे सोय बघितली आणि बोका काकूंच्या ओट्यावरून उतरेनासा झाला. तिजोरीचं दार मग रात्रीसुद्धा कुलूप न लावता नुसतं लोटून ठेवलं तरी चालू लागलं. पण तपासणी चुकली नाही.

एका शनिवारी भल्या सकाळी बँकेचा फोन आला. मॅनेजरची किल्ली कुलपात तुटली होती. तिजोरीवाला पिशवी उचलून धावला आणि काम संपवून चहाचा कप हातात घेतला तेव्हा त्याला आठवलं, की आज आपण परसात गेलोच नाही. आदल्या संध्याकाळी त्याने सवयीने सगळे स्क्रू आवळून, तेल घालून, दार लोण्यासारखं करून ठेवलं होतं. त्याने कप तसाच टेबलावर ठेवला.

तो घरी पोचला तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. परसात सासरे खुर्चीवर बसून बदकांना दाणे टाकत होते.

"झाली का तपासणी, बाबा?"

"झाली."

"आणि?"

"नापास," सासरे दाणे टाकत म्हणाले. "खालच्या बिजागरीचा स्क्रू सैल आहे. तुमच्या कामात काही राम राहिला नाही, जावईबापू."

तिजोरीवाला गुडघ्यावर बसला. स्क्रू खरंच सैल होता, दोन फेरे बाहेर आलेला. त्याच्या खाचेवर आणि भोवतालच्या रंगावर ताजे ओरखडे होते. चाकू किंवा सुरीच्या टोकाने, सवय नसलेल्या हाताने, पुन्हा पुन्हा निसटत फिरवल्यावर पडतात तसे.

त्याने वर बघितलं नाही. "चुकलं, बाबा," तो म्हणाला. "पुढच्या वेळी लक्ष ठेवतो."

"ठेवा. पुढच्या शनिवारी बघू."

तिजोरीवाल्याने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि स्क्रू जागच्या जागी बसवला. फार घट्ट मात्र आवळला नाही. सासऱ्यांच्या मनगटात आता पूर्वीइतका जोर राहिला नव्हता.